व्हेनिस : एका दिवसाची फेरी आणि पाच युरो

इटलीतल्या व्हेनिसला फक्त दिवसभरासाठी येणाऱ्याला आता ठरावीक दिवशी किमान पाच युरो भरावे लागतात. तिथे सकाळी येऊन संध्याकाळी परत जाण्याची सोय रेल्वेने केली. लगूनवरचा, म्हणजे शहराभोवतीच्या उथळ खाऱ्या पाण्यावरचा, रेल्वेपूल 1846 मध्ये झाला, 1933 मध्ये त्याला लागून मोटाररस्ता आला. रेल्वेपुलाआधी नावेशिवाय शहर गाठता येत नसे. जुन्या शहरात 1951 च्या सुमारास पावणेदोन लाख माणसं राहत होती. 2022 मध्ये हा आकडा 50 हजारांच्या खाली गेला, आणि गर्दीचा सगळा राग एका दिवसाच्या पाहुण्यावर निघू लागला.

2018 मध्ये मे दिनाच्या सुट्टीत पालिकेने गर्दी आवरण्यासाठी येण्याच्या वाटांवर तात्पुरती फाटकं बसवली. स्थानिकांनीच विरोध केला: शहर म्हणजे जत्रेचा मांडव नव्हे. त्याच वर्षअखेरीच्या इटलीच्या अर्थसंकल्पी कायद्याने व्हेनिसला अशा पाहुण्यांकडून पैसे आकारण्याचा अधिकार दिला. पूर, मग कोविडची साथ, यांमुळे अंमलबजावणी 25 एप्रिल 2024 पर्यंत रखडली.

बातम्यांत या आकारणीला सर्रास ‘व्हेनिसचं तिकीट’ म्हणतात. ते तिकीट नाही. कायद्यातला शब्द ‘कोंत्रिबूतो’, म्हणजे अंशदान; त्याचं मूळ छोट्या बेटांवर उतरणाऱ्यांकडून घेतल्या जाणाऱ्या करात आहे. आपल्याकडच्या यात्राकराशी त्याचं नातं जवळचं. कायदा म्हणतो की हे अंशदान मुक्कामाच्या कराला पर्याय म्हणून घ्यावं, कमाल 10 युरो. सूट कुणाला, हे या ‘पर्याय’ शब्दावरून उलगडतं. रात्र काढणारा मुक्काम-कर भरतो, म्हणून त्याला हे माफ. मेस्त्रे मुख्य भूमीवर असलं तरी व्हेनिस पालिकेतच मोडतं, त्यामुळे तिथल्या वसतिगृहात राहिलेला विद्यार्थीही सुटतो. मात्र सवलतीचा क्यूआर कोड आधी संकेतस्थळावरून काढावा लागतो. बरेच जण इथेच चुकतात. ‘मला लागू नाही’ म्हणून कोडशिवाय येतात आणि तपासणीत अडकतात. दंड 50 ते 300 युरो.

व्हेनिसमध्येच शिकणारे आणि व्हेनेतो प्रांतात नोंदणीकृत निवास असलेले मोकळे. विद्यापीठाचं शहर पादुआ याच प्रांतात आहे, पण तिथे शिकत असणं पुरेसं नाही, निवासाची नोंद लागते. भाड्याची खोली घेऊन नोंद न केलेला परदेशी विद्यार्थी पैसे भरणाऱ्यांत येतो. विद्यार्थी म्हणून सरसकट सवलत नाहीच. वयाची सूट फक्त 14 वर्षांखालच्यांना. हातात सर्वांत कमी पैसे असलेल्या पाहुण्यालाच हा नियम नेमका गाठतो, हा आक्षेप रास्त आहे.

2024 मध्ये 29 दिवस, 2025 मध्ये 54 दिवस आकारणी झाली, सकाळी 8.30 ते दुपारी 4. चारनंतर येणाऱ्याला काही द्यावं लागत नाही. मुरानो, बुरानो, लीदो ही बेटं वगळलेली आहेत. 2025 पासून चार दिवस आधी नोंदवल्यास 5 युरो, उशीर केल्यास 10, म्हणजे थेट कायद्याची कमाल मर्यादा. पहिल्या वर्षी सुमारे 24 लाख युरो जमले. गर्दी मात्र ठळकपणे कमी झाली नाही, कारण माणसांच्या संख्येवर मर्यादा कधी घातलीच नव्हती. मर्यादा आली ती मार्गदर्शकासोबत फिरणाऱ्या गटांवर: ऑगस्ट 2024 पासून एका गटात 25 जण आणि ध्वनिवर्धक बंद. सहलीत 40 जण असतील तर आता दोन गट करावे लागतात.