माशाचं वावडं आणि गादीतला दमा

मृग लागला की आमच्या डिचोलीत दम्यावर हैदराबादला जाऊन जिवंत मासा गिळायच्या गोष्टी सुरू होतात. मासा जातो पोटात, दमा असतो श्वासनलिकेत. त्याने दमा बरा होतो याला पुरावा नाही. दम्यामागच्या वावड्याचं, म्हणजे अ‍ॅलर्जीचं, खरं कोडं उलगडायला मात्र माशाचीच मदत झाली.

हाइन्झ क्युस्टनर या जर्मन डॉक्टरला मासे खाल्ले की अंगावर गांधी उठत. 1921 साली त्याचा सहकारी कार्ल प्राउस्निट्झ याने क्युस्टनरच्या रक्ताचा सीरम (पेशी काढलेला पातळ भाग) स्वतःच्या कातडीत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क. तिथेच गांधी उठली! म्हणजे वावडं रक्तातून उसनं देता येतं. ते वाहणारं प्रथिन सापडायला 1966 उजाडलं, कारण सगळ्या प्रतिपिंडांत (परक्या गोष्टी पकडणाऱ्या प्रथिनांत) रक्तात तेच सर्वांत कमी. अमेरिकेत इशिझाका दांपत्याला ते सापडलं, स्वीडनमध्ये योहान्सन आणि बेनिक यांना. नाव पडलं आयजीई.

पावसाळ्यात आपल्या गाद्यांना ऊन दिसत नाही. त्या दमटपणात धुळीतले माइट, म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव, वाढतात. त्रास देते ती त्यांची विष्ठा: तिच्यातलं एक पाचक प्रथिन श्वासनलिकेच्या अस्तराचे सांधे सैल करतं. ज्यांच्या शरीराला त्याचं वावडं जडतं, त्यांच्या टी पेशी (रोगप्रतिकारक पेशी) इंटरल्युकिन-4 हे निरोप नेणारं प्रथिन सोडून प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशींना आयजीई बनवायला लावतात.

आता मला सर्वांत आवडणारी करामत. रक्तात मोकळं फिरणारं आयजीई दोनेक दिवसांत निम्मं होतं. पण अस्तरातल्या मास्ट पेशीवरच्या ग्राहीत (त्याला धरून ठेवणाऱ्या खाचेत) त्याची शेपटी रुतली की आठवडेच्या आठवडे तिथेच, दोन हात बाहेर काढून. एकट्या आयजीईने माइटचं प्रथिन पकडलं तर काहीच होत नाही. तेच प्रथिन शेजारच्यानेही धरलं की दोन ग्राही जवळ ओढले जातात, त्यांच्या आतल्या टोकांना फॉस्फेट चिकटतात, पेशीत कॅल्शियम उसळतं आणि काही मिनिटांत हिस्टामिन या त्रासदायक रसायनाच्या पिशव्या बाहेर रित्या होतात. पाठोपाठ ल्युकोट्राइन नावाची रसायनं बनतात, श्वासनलिकेचे स्नायू आवळतात, छाती वाजू लागते.

काही तासांनी दुसरी लाट. इंटरल्युकिन-5 मुळे इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी जमतात, अस्तर सुजतं. साल्ब्युटामॉलचा पंप आवळलेले स्नायू सैल करतो; सूज उतरवतो तो रोजचा स्टेरॉइडचा पंप. नेमका तोच आमच्याकडे 'सवय लागेल' म्हणून बंद करतात. सवय लागत नाही. पंप सोडला की सूज परत येते.

2003 साली अमेरिकेत मान्यता मिळालेलं ओमालिझुमॅब हे औषध मोकळ्या आयजीईची शेपटीच झाकून टाकतं, मग ग्राहीत रुतायला काही उरत नाही. आधी रुतलेलं हळूहळूच कमी होतं, म्हणून गुण यायला आठवडे लागतात.