दांड्या चार, बोलणं तुटक

चिखलदऱ्याच्या घाटात फोनवर चार दांड्या दिसतात आणि तरी पलीकडचा माणूस 'हॅलो, हॅलो' करत राहतो. दांड्या सिग्नलचा जोर सांगतात, तो स्वच्छ आहे की नाही ते त्यांना कळत नाही. टॉवरची लहर फोनपर्यंत सरळ येते, तशीच मागच्या कड्यावर आपटून उशिरानेही येते. कडा दीड किलोमीटर मागे असेल तर जाऊन-येऊन तीन किलोमीटर वाढतात, म्हणजे १० मायक्रोसेकंदांचा उशीर. २जीचा एक बिट, म्हणजे एक ० किंवा १, असतो ३.६९ मायक्रोसेकंदांचा. त्यामुळे आधीचा बिट जवळजवळ तीन बिट मागे राहून भलत्याच बिटावर येऊन बसतो. हलक्या कागदावर शाई फुटते आणि एक अक्षर दुसऱ्यात मिसळतं, तसंच हे.

शाई फुटण्याचा हा रोग मोबाइलच्या आधीचा आहे. तो तारेवर होता, हार्ड डिस्कवर होता, आणि आठवडी बाजारात गाणी भरून आणलेल्या मेमरी कार्डातही आहे. म्हणून टॉवर आणि साठवण या दोन शाखांचा इतिहास वेगळा लिहिता येत नाही. एकीकडे सापडलेलं औषध दुसरीकडे वापरलं गेलं, आणि बहुतेक वेळा चिप स्वस्त होईपर्यंत ते औषध कागदावरच पडून राहिलं.

नायक्विस्ट या अभियंत्याने १९२८ साली तारायंत्राच्या संदर्भात दाखवलं की ठरावीक फ्रिक्वेन्सी-पट्ट्यातून किती वेगाने ठोके पाठवले तर ते एकमेकांत मिसळत नाहीत. १९४८ मध्ये शॅननने त्याहून मोठी गोष्ट सिद्ध केली. प्रत्येक चॅनेलला, म्हणजे माहिती जाण्याच्या वाटेला, वेगाची एक कमाल मर्यादा असते, आणि तिच्या आत राहिलं तर चुका हव्या तितक्या कमी करता येतात. कशा, ते मात्र त्याच्या सिद्धतेतून हाती लागत नव्हतं. १९५० मध्ये हॅमिंगने चार बिटांना तीन तपासणी बिट जोडून एक चूक आपोआप दुरुस्त करणारी पद्धत, म्हणजे कोड, दिली. फुटलेली शाई टिपण्याचं काम वेगळं होतं. टेलिफोनच्या तारेवरून आकडे पाठवणाऱ्या मोडेममध्ये ते सुरुवातीला माणूस बटणं फिरवून करत असे. १९६५ मध्ये बेल लॅब्जच्या लकीने स्वतःच स्वतःला जुळवून घेणारा इक्वलायझर, म्हणजे शाई टिपणारी यंत्रणा, मांडला आणि बटणांचं काम संपलं.

इक्वलायझर काय करतो ते आकड्यांत पाहू. १, १, ० हे तीन बिट +१, +१, −१ असे पाठवले. मागच्या बिटाचा अर्धा प्रतिध्वनी पुढच्यावर पडतो असं धरू. फोनला मिळतं +१, +१.५, −०.५. पहिला +१ आहे हे कळलं की त्याचा अर्धा, ०.५, दुसऱ्यातून वजा करायचा, उरतं +१. दुसऱ्याचा अर्धा तिसऱ्यातून वजा केला की −१. हिशेब जुळला. पण गोंगाटामुळे दुसरा बिट चुकून −१ समजला गेला, तर तिसऱ्यात ०.५ वजा व्हायच्या ऐवजी मिळवला जातो आणि उत्तर थेट शून्यावर येतं. मग नाणेफेक. एक चूक पुढच्या चुकीला जन्म देते, आणि कमजोर सिग्नलवर आवाज सलग तुटतो त्यामागे हेही एक कारण असतं.

यावर उपाय म्हणजे निर्णयाची घाई न करणं. व्हिटर्बीने १९६७ साली कोड उलगडण्यासाठी दिलेली रीत अशी: मागचा बिट ० होता की १, या दोन्ही शक्यता जिवंत ठेवायच्या. प्रत्येक पायरीवर दोन्हीकडून येणाऱ्या वाटांची मिळालेल्या आकड्यांशी तुलना करायची आणि जास्त बिघडलेली वाट सोडून द्यायची. काही पायऱ्यांनी मागचा भाग आपोआप एकाच वाटेवर येतो. प्रतिध्वनी एका बिटाचा असेल तर सांभाळायच्या स्थिती २, चार बिटांचा असेल तर १६. फोर्नीने १९७२ मध्ये हीच रीत फुटलेल्या शाईला लावून दाखवली, आणि आयबीएममध्ये कोबायाशीने त्याच सुमारास ती चुंबकीय नोंदणीकडे नेली.

डिस्कला तिची गरज का पडली? १९५६ च्या आयबीएम रॅमॅकमध्ये २४ इंची ५० तबकड्या होत्या आणि त्यात मावत होती जेमतेम ५० लाख अक्षरं. तिथे ठोके दूरदूर होते, शिखर ओळखलं की बिट कळे. ठोके जवळ आले तशी शेजारची शिखरं एकमेकांना खाऊ लागली. तेव्हा शिखर शोधणं सोडून, ठोके मिसळणारच हे मान्य करून, ते ठरलेल्या प्रमाणात मिसळू द्यायचे आणि व्हिटर्बीने उलगडायचे, ही पीआरएमएल पद्धत आली. आयबीएमची तशी डिस्क बाजारात यायला १९९० उजाडलं. गणित तयार होतं, ते परवडणाऱ्या वेगाने करणारी चिप नव्हती.

२जीने तीच युक्ती खिशात आणली. १४८ बिटांच्या प्रत्येक तुकड्याच्या मधोमध फोनला आधीच ठाऊक असलेले २६ बिट असतात. ते कसे बिघडून आले यावरून फोन त्या क्षणीच्या प्रतिध्वनींचा अंदाज घेतो. मधोमध का, तर एसटीत बसलेल्या माणसाचा चॅनेल सतत बदलत असतो आणि मधल्या जागेवरून दोन्ही टोकं सारखी जवळ पडतात. ९०० मेगाहर्ट्झची लहर ३३ सेंटिमीटरची. सरळ आणि परतलेल्या लहरी कुठे जुळतात, कुठे एकमेकींना मारतात, आणि हा फरक साधारण १६-१७ सेंटिमीटरवर पडतो. वावराच्या धुऱ्यावर उभं राहून फोन वीतभर सरकवला की रेंज येते, ती यामुळे. ६० किमी वेगाने धावणारी एसटी तेवढं अंतर १० मिलिसेकंदांत कापते. २जीमध्ये बोलण्याचे बिट आठ तुकड्यांत विखरून पाठवतात, त्यामुळे बसमध्ये एखादा तुकडा बुडाला तरी बाकीचे सावरतात. वाईट जागी स्थिर उभ्या माणसाचे आठही बुडतात.

४जीने वाट बदलली. वेगवान एका धारेऐवजी १५ किलोहर्ट्झ अंतरावरच्या शेकडो संथ धारा. ही कल्पना १९६६ ची, चँगची. १९७१ मध्ये वाइनस्टाइन आणि एबर्ट यांनी ती फूरिये रूपांतराने, म्हणजे लहर वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींत फोडण्याच्या गणिताने, सोपी केली. इथे एक चिन्ह, म्हणजे धारेवरचा एक ठोका, ६६.७ मायक्रोसेकंदांचं, आणि त्याच्या सुरुवातीआधी त्याच्याच शेपटीची ४.७ मायक्रोसेकंदांची नक्कल जोडतात. प्रतिध्वनी त्या नकलेतच विरतो. ४.७ मायक्रोसेकंद म्हणजे १.४ किलोमीटर. यवतमाळच्या कपाशीच्या सपाटीला हे पुरून उरतं, मेळघाटातल्या तीन किलोमीटरच्या फेऱ्याला नाही. १६.७ मायक्रोसेकंदांची लांब नक्कलही मानकात आहे, पण मग अर्ध्या मिलिसेकंदात सातऐवजी सहाच चिन्हं बसतात.

अनेक अँटेनांची गोष्ट थोडक्यात. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५६ ला दूरसंचाराची पदवी घेतलेले थॉमस कैलाथ आणि नौदलातून आलेले आरोग्यस्वामी पॉलराज यांना स्टॅनफर्डमधल्या कामावर १९९४ मध्ये एकाच वेळी अनेक अँटेना वापरण्याचं पेटंट मिळालं. प्रतिध्वनींना शत्रू न मानता त्यांच्यावर वेगळा डेटा लादण्याचं हे तंत्र आहे.

उरलेल्या चुका कोड पुसतो. १९६० चा रीड-सॉलोमन कोड पानठेल्यावरच्या क्यूआरमध्ये आजही आहे. खर्ऱ्याचे डाग पडूनही पैसे जातात ते त्याच्यामुळे. सर्वांत जपलेल्या प्रतीच्या क्यूआरमध्ये सुमारे ३० टक्के भाग गेला तरी मजकूर वाचतो. गॅलॅगरचा एलडीपीसी कोड १९६० च्या दशकाच्या सुरुवातीचा, पण तो तीसेक वर्षं अडगळीत पडला. १९९३ च्या टर्बो कोडने शॅननच्या मर्यादेजवळ पोहोचता येतं हे दाखवल्यावर लोकांनी तो पुन्हा काढला. आज ५जीचा डेटा आणि फ्लॅश मेमरी दोन्हीकडे तोच. फ्लॅशच्या एका घरात तीन बिट ठेवायचे तर विद्युतभाराच्या आठ पातळ्या ओळखाव्या लागतात. चंद्रपूरच्या मे महिन्यात तापलेल्या डब्यात ठेवलेल्या कार्डातून भार लवकर झिरपतो आणि पातळ्या सरकतात. नियंत्रक चिप तुलनेची पातळी किंचित हलवून पुन्हा वाचते आणि 'बहुधा १' अशा अर्धवट खात्रीचे आकडे कोडला देते. लिहिणं चालू असताना कार्ड ओढून काढलं तर मात्र कार्डावरच्या फाइलींची यादीच अर्धी राहते. त्यावर कोणताही कोड चालत नाही.

चार दांड्या असताना बोलणं तुटण्याचं गावातलं सर्वांत नेहमीचं कारण मात्र वेगळंच असतं. टॉवर २० ते ४० वॅटने बोलतो, ४जी फोन ०.२ वॅटने. फोनला टॉवर ऐकू येतो, टॉवरला फोन नाही. भारताने ग्रामीण भागासाठी मांडलेल्या कसोटीत टॉवरमधलं अंतर ६ किलोमीटर धरलं होतं, ७०० मेगाहर्ट्झवर. त्यासाठी सुचवलेल्या बदलांत फोनच्या लहरीची उंची जवळपास एकसारखी ठेवणारं मॉड्युलेशन, म्हणजे बिट लहरीवर चढवण्याची रीत, होतं, म्हणजे फोनमधला प्रवर्धक चिन्ह न बिघडवता पूर्ण जोराने चालवता येतो. ५जीआय नावाने निघालेली ही वेगळी चूल नंतर जागतिक ५जी मानकातच सामील झाली. रेशन दुकानातल्या ई-पॉसवर अंगठा ठेवल्यावर चक्र फिरत राहतं, तेव्हा अंगठ्याची माहिती याच वर जाणाऱ्या दुबळ्या वाटेवर अडकलेली असू शकते.