पॉवर्ड सबवूफर : उभारणी व वापर

पॉवर्ड सबवूफर म्हणजे साधारणपणे ३० ते १०० हर्ट्‌झ या टप्प्यातील मंद्र ध्वनीसाठी केलेला ध्वनिक्षेपक, ज्याच्या पेटीतच ॲम्प्लिफायर बसवलेला असतो. मराठवाड्यातील साऊंडवाले त्याला ‘बेस’ किंवा ‘सब’ आणि त्याच्या जोडीच्या, मध्य व उच्च स्वर वाजवणाऱ्या पेटीला ‘टॉप’ म्हणतात. हरिनाम सप्ताह, जत्रा, भीमजयंती, लग्नाची वरात अशा प्रसंगी तो सर्वत्र दिसतो.

उगम : सबवूफरचे जनकत्व वादग्रस्त आहे. कॅलिफोर्नियातील रेमन डोन्स यांना सप्टेंबर १९६४ मध्ये मिळालेले अमेरिकी पेटंट हा सर्वांत जुना स्पष्ट पुरावा मानण्याकडे कल आहे. काही लेखक हा मान इन्फिनिटी कंपनीच्या सर्व्हो-स्टॅटिक या संचाला देतात. त्यात १८ इंची वूफर होता व तो १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धातला. केन क्रायझेल यांच्या १९७० च्या दशकातील कामाला अग्रस्थान देणारे तिसरे मतही आहे. मात्र शेवटचे दोन दावे मुख्यतः घरगुती व स्टुडिओतील श्रवणाशी निगडित आहेत. मोठ्या जमावापुढे मंद्र ध्वनी पोचवण्याच्या दृष्टीने १९७४ मध्ये चित्रपटगृहांसाठी आलेली सेन्सराउंड पद्धत अधिक जवळची पूर्वज ठरते. तिचे ध्वनिक्षेपक सर्विन-व्हेगा कंपनीने पुरवले होते. पेटीचे घनफळ आणि तिच्या छिद्राची लांबी अंदाजाने ठरवण्याची पद्धत नेव्हिल थील (१९६१) व रिचर्ड स्मॉल (१९७० च्या दशकाचा पूर्वार्ध) यांच्या गणितामुळे मागे पडली. ॲम्प्लिफायर पेटीत शिरला तो पुढे, क्लास-डी रचना व स्विचिंग वीजपुरवठ्यामुळे वजन आणि उष्णता घटल्यावर.

जुळणी : मिक्सरचा संकेत संतुलित एक्सएलआर केबलने आधी सबवूफरकडे व तेथून टॉपकडे नेतात. सबवूफरवरील ‘थ्रू’ जोडातून संपूर्ण संकेत बाहेर पडतो, तर ‘हाय-पास’ जोडातून मंद्र भाग गाळलेला. पहिला जोड वापरला तर दोन्ही पेट्या तोच मंद्र भाग वाजवू लागतात. विभाजनाची कंप्रता (जिच्या खालचा आवाज बेसकडे व वरचा टॉपकडे जातो) बहुधा ८० ते १२० हर्ट्‌झच्या दरम्यान ठेवतात. लिंकविट्झ यांच्या १९७६ च्या निबंधामुळे रूढ झालेला, दर सप्तकाला २४ डेसिबेल उताराचा फिल्टर यासाठी सर्वाधिक प्रचलित आहे.

खरी अडचण कलेची, म्हणजे तरंगांच्या वेळेच्या मेळाची आहे. उन्हाळ्यात ४० अंश तापमानाला ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३५५ मीटर असतो. म्हणजे ९० हर्ट्‌झची तरंगलांबी चार मीटरच्या आसपास येते. टॉप रंगमंचावर आणि बेस त्याच्या दोन मीटर पुढे जमिनीवर असेल, तर हे अंतर अर्ध्या तरंगाएवढे होते. इतर बाबी समान असल्यास विभाजनाच्या कंप्रतेला दोन्ही पेट्या एकमेकींचा आवाज खातात. बेस वाजतो आहे, पण अंगाला लागत नाही, ही तक्रार बहुतेक वेळा इथून सुरू होते. त्यावर सर्रास होणारा उपाय म्हणजे बेसची पातळी वाढवणे. तो चुकीचा आहे. पुढे असलेल्या बेसला मीटरमागे सुमारे २.८ मिलिसेकंद विलंब द्यावा. मोजणीची सोपी रीत अशी : विभाजनाच्या कंप्रतेचा एकसुरी आवाज लावावा, बेसची ध्रुवता (संकेताचे अधिक-उणे) उलटवावी, श्रोत्यांच्या जागी उभे राहून आवाज कमीत कमी होईल असा विलंब शोधावा आणि मग ध्रुवता पूर्ववत करावी. विलंबाची सोय नसेल तर पेट्या एका रेषेत आणाव्यात.

मांडणी : रंगमंचाच्या दोन टोकांना एकेक बेस ठेवण्याची चाल जुनी आहे आणि ती दिसायला बरी वाटते. तिच्यात मध्यरेषेवर आवाज साठतो व दोन्ही बाजूंना पट्ट्यापट्ट्यांनी विरतो. सप्ताहाच्या मांडवात हा दोष विशेष जाणवतो. तेथे पुरुष एका बाजूला, महिला दुसऱ्या बाजूला बसतात आणि मधली वाट येण्याजाण्यासाठी मोकळी असते. म्हणजे मृदंगाच्या धुमेचा (खर्जाच्या बाजूचा) सर्वांत भरीव नाद कोणीच बसलेले नसते त्या वाटेवर पडतो. सर्व बेस मध्यभागी, रंगमंचाच्या पायथ्याशी, एकमेकांना चिकटवून ठेवल्यास हा दोष जवळजवळ नाहीसा होतो. शिवाय एकाच्या जागी दोन पेट्या लगत ठेवल्या तर पातळी सुमारे ६ डेसिबेलने वाढते. जमिनीवर ठेवलेली पेटी अधांतरी टांगलेल्या पेटीपेक्षा जोरकस वाजते, कारण जमीन तिचा खालचा ध्वनी परतवते.

रंगमंचाच्या पोकळ लाकडी तक्तपोशीवर बेस ठेवू नये. फळ्या कापतात, मायक्रोफोनच्या दांड्याही कापतात आणि मृदंगाच्या धुमेकडे धरलेला मायक्रोफोन घुमू लागतो. धुमेला लावलेल्या कणकेमुळे तो नाद मुळातच खोल असतो, त्यामुळे घुमणे आवरत नाही. यावर दोन उपाय आहेत. एक, तीन पेट्यांपैकी एक मागे तोंड करून, ध्रुवता उलटवून व योग्य विलंब देऊन लावणे. त्यामुळे रंगमंचाकडचा आवाज घटतो (या ग्रेडियंट तत्त्वावर हॅरी ओल्सन यांनी १९७३ मध्ये लिहिले). दुसरा, अधिक साधा आणि कीर्तनाला अधिक मानवणारा : बेसला मिक्सरवरील वेगळ्या ऑक्स (सहायक) वाहिनीतून फक्त मृदंग व हार्मोनियम पाठवणे. कीर्तनकारांचा आवाज व टाळ त्यात घालूच नयेत. शब्द स्पष्ट राहतो, आणि कीर्तनात शब्दच ऐकायला लोक आलेले असतात.

वीज व उष्णता : सर्वांत आधी मिक्सर व सर्वांत शेवटी बेस सुरू करतात. बंद करताना क्रम उलटा. लांब, बारीक वायरवर विजेचा दाब (व्होल्टेज) घटतो आणि ऐन ठेक्याला ॲम्प्लिफायर स्वतःच्या संरक्षणासाठी बंद पडतो. गुणगुण थांबवण्यासाठी अर्थिंगची पिन काढणे जिवावर बेतू शकते. व्हॉइस कॉइलचे (ध्वनिक्षेपकातील तारेच्या वेटोळ्याचे) तापमान १०० अंशांनी वाढले तर तांब्याचा रोध सुमारे ३९ टक्क्यांनी वाढतो व त्याच संकेताला आवाज कमी निघतो. एप्रिल-मेच्या उन्हात मागील पंख्यावर कापड टाकू नये.

कायदा : ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० अन्वये रहिवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबेल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. या मर्यादा ‘ए’ भारांकनात, म्हणजे कानाच्या संवेदनशीलतेनुसार प्रत्येक कंप्रतेला कमीजास्त वजन देऊन, मोजतात. त्या भारांकनात ५० हर्ट्‌झच्या ध्वनीतून सुमारे ३० डेसिबेल वजा होतात. म्हणजे त्या कंप्रतेचा १०० डेसिबेलचा बेस मापकावर ७० दिसतो, प्रत्यक्षात मात्र भिंत ओलांडून शेजारच्या घरातील भांडी वाजवतो. झोपलेल्या आजाऱ्याला त्रास होतो तो याच भागाचा. ‘सी’ भारांकनात ही वजावट केवळ १.३ डेसिबेल असल्याने, बेस लावणाऱ्याने आपला मापक त्यावर ठेवणे इष्ट.