आतून जायचं की बाहेरून, आणि मैल नक्की कुठला?

आम्ही दोघं अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याने मोटरबोटीतून फ्लोरिडाला निघालोय म्हटल्यावर घरच्यांचा पहिला प्रश्न, "म्हणजे समुद्रातून?" याला सरळ हो किंवा नाही म्हणता येत नाही. तिथे दोन वाटा आहेत, बोटवाले त्यांना आतली आणि बाहेरची म्हणतात, आणि नकाशात दोन्ही किनाऱ्यालगतच दिसतात म्हणून लोकांना एकच वाटतात.

बाहेरची म्हणजे उघडा अटलांटिक. आतली म्हणजे इंट्राकोस्टल वॉटरवे, व्हर्जिनियातल्या नॉरफोकला त्याचा शून्य मैल आणि तिथून खाली फ्लोरिडापर्यंत नद्या, खाड्या, दलदल आणि त्यांना जोडणारे खोदलेले कालवे. सुरुवातीलाच डिस्मल स्वॅम्प कालवा लागतो, १८०५ ला सुरू झालेला, गुलामांच्या हातांनी खोदलेला. गोव्याकडच्यांना ही आत-बाहेरची भानगड लगेच कळेल. पावसाळ्यात आग्वादजवळ मांडवीच्या मुखाशी वाळूचा बांध नडायचा, मग खनिजाच्या बार्ज कुंभारजुवे कालव्यातून झुआरीत उतरून मुरगावला जायच्या. तसंच हे, फक्त हजारावर मैल.

आता सगळ्यांना वाटतं आतली सेफ आणि बाहेरची डेंजर. मलाही वाटायचं. पण बाहेर खोल पाणी मिळालं की ऑटोपायलट लावून माणूस चहा तरी पिऊ शकतो, आत मात्र दिवसभर नजर डेप्थ मीटरवर, कारण बऱ्याच भागात १२ फूट खोली ठेवायची असं कागदावर असलं तरी गाळ कागद वाचत नाही. जॉर्जियात भरती-ओहोटीतला फरक ७ ते ९ फूट, सकाळी जिथून आरामात गेलात तिथेच दुपारी बूड टेकतं, म्हणून कित्येक जण जॉर्जिया सरळ बाहेरून टाकून देतात. शिवाय उघडणारे पूल, नो वेक झोन म्हणजे मागे लाट उठू नये इतकं हळू चालायचा पट्टा, फ्लोरिडात मॅनेटी या संथ पाणप्राण्यासाठी हळू चाला. पुलांच्या उंचीचं टेन्शन शिडाच्या बोटींना, आम्हाला नाही, एवढं एक सुख.

बाहेर वैताग वेगळा. कंटाळा आला म्हणून कुठेही आत वळता येत नाही, इनलेट यायला लागतं, म्हणजे आपल्याकडे खाडीचं तोंड म्हणतो ते, आणि सगळी तोंडं सारखी नसतात. चार्ल्स्टनला मोठी जहाजं येतात तिथे निवांत, काही ठिकाणी मात्र वाळू इतकी सरकते की गेल्या वर्षीचा चार्ट धरून शिरू नये. बाहेरून वारा आणि आतून ओहोटीचं पाणी समोरासमोर आलं की तोंडाशी लाटा उभ्या राहतात. नॉर्थ कॅरोलिनातल्या केप हॅटरास या भूशिरापाशी तर बाहेरून जायचं नावच काढू नकोस असं मी नवऱ्याला आधीच सांगितलेलं. गल्फ स्ट्रीम हा समुद्रातला मोठा प्रवाह उत्तरेकडे वाहतो, त्यावर उत्तरेचा वारा आला की संपलं, आणि बोटीवर आम्ही दोघंच, एकाला उलट्या सुरू झाल्या तर दुसऱ्याने किती तास उभं राहायचं?

खरी गडबड मैलांची. आत मोजतात जमिनीवरचे मैल, १.६०९ किमीचे. बाहेर नॉटिकल, १.८५२ किमीचे, आणि नॉट म्हणजे तासाला एक नॉटिकल मैल. आमची बोट ८ नॉट्सने चालते, म्हणजे जमिनीच्या हिशोबात तासाला ९.२ मैल. आतून नॉर्थ कॅरोलिनातलं ब्यूफोर्ट नॉरफोकपासून २०४ व्या मैलावर आणि राइट्सव्हिल बीच २८३ व्या, फरक ७९, नवऱ्याने भागिले ८ केलं, दहा तास. मी म्हटलं, "अरे, हे नॉटिकल नाहीत!" खरे साडेआठच्या आसपास. ही चूक परवडली, लवकर पोचलो. उलटी केली असती तर? बाहेरचे ७० नॉटिकल मैल ९.२ ने भागले तर साडेसात तास वाटतात, लागतात पावणेनऊ, आणि तो वरचा तासभर म्हणजे अनोळखी इनलेटमध्ये अंधारात शिरणं.

पाण्यात वाट दाखवायला लावलेल्या खुणांचं पण तसंच. समुद्रातून आत येताना लाल खूण उजवीकडे ठेवायची, आतल्या वाटेने दक्षिणेला जातानाही लाल उजवीकडे, म्हणून माणूस निर्धास्त होतो. मग केप फिअर नदी येते, तिथे साउथपोर्टपर्यंत तुम्ही दक्षिणेलाही चाललेले असता आणि समुद्राकडेही, आणि खुणा नदीच्या हिशोबाने लावलेल्या, म्हणजे लाल डावीकडे. तेव्हा रंग सोडून द्यायचा आणि खुणेवरचं छोटं पिवळं चिन्ह बघायचं, दक्षिणेला जाताना त्रिकोण उजवीकडे, चौकोन डावीकडे. मी ते स्टिअरिंगशेजारी टेपने चिकटवून ठेवलंय, नवरा हसतो, पण दर वेळी बघतो तिकडेच.