कृषी पदवीधरांसाठी अॅग्री-क्लिनिक योजना : इंदूरमधून अर्ज, कागदपत्रं आणि अनुदानाचा नेमका हिशेब

जूनच्या शेवटी पेरलेलं सोयाबीन जुलै-ऑगस्टात पिवळं पडायला लागलं की देपालपूर, सांवेर, महूकडचा शेतकरी दोन-चार पानं खिशात घालतो आणि थेट औषधाच्या दुकानात जातो. हा पिवळा मोझॅक आहे की शेतात पाणी साचून झाडाला लोह मिळेनासं झालंय, हे पान बघून सांगणारं तिथे बहुतेक वेळा कोणी नसतं. फळीवर जे असेल ते हातात पडतं. आणि इकडे शहरात बीएस्सी कृषी झालेली आपलीच मुलं-मुली बँकेच्या नाहीतर लोकसेवा आयोगाच्या परीक्षांची वर्षानुवर्षं तयारी करत असतात.

या पदवीधरांनी स्वतःचं सल्ला केंद्र काढावं म्हणून केंद्रीय कृषी मंत्रालयाची एक योजना एप्रिल २००२ पासून चालू आहे. कागदोपत्री नाव कृषी चिकित्सालय आणि कृषी व्यवसाय केंद्र, सगळे म्हणतात अॅग्री-क्लिनिक. प्रशिक्षणाचा भाग हैदराबादची मॅनेज ही संस्था बघते, अनुदान नाबार्डमार्फत येतं आणि कर्ज बँक देते. मी बँकांसाठी प्रकल्प अहवाल तयार करण्याचं काम करतो. रामबाग, लोकमान्य नगरपासून देवासपर्यंतची मुलं विचारायला येतात, तेव्हा या तीन दारांची सरमिसळ झालेली दिसते. प्रशिक्षणाला निवड झाली म्हणजे कर्ज मंजूर झालं असं कुणी समजू नये. प्रत्येक दाराचे नियम वेगळे आहेत.

अर्ज कोणाला करता येतो

वय १८ ते ६० वर्षं. शिक्षणात कृषी, उद्यानविद्या, पशुवैद्यक, दुग्धतंत्र, मत्स्यविज्ञान, वनशास्त्र, कृषी अभियांत्रिकी अशा विषयांची मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी चालते. कृषी पदविका असेल तर किमान ५० टक्के गुण लागतात, आणि बारावीला कृषीविषयक अभ्यासक्रम केला असेल तर ५५ टक्के. जीवशास्त्र शाखेची पदवी घेऊन पुढे कृषीशी निगडित विषयात पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्यांनाही जागा आहे. नुसती बॉटनीची बीएस्सी पुरत नाही.

पदवी ग्वाल्हेरच्या राजमाता विजयाराजे सिंधिया कृषी विद्यापीठाची असो (इंदूरचं कृषी महाविद्यालय त्याच विद्यापीठाखाली येतं), नाहीतर राहुरी, अकोला, परभणी किंवा दापोलीची, फरक पडत नाही. आजोळी राहून महाराष्ट्रात शिकलेली मुलं हे हमखास विचारतात, म्हणून स्पष्ट लिहिलं.

फॉर्म भरण्याआधी नाव जुळवा

अर्ज मॅनेजच्या अॅग्री-क्लिनिक पोर्टलवर ऑनलाइन होतो. आधार क्रमांक, मोबाइल, ईमेल, शिक्षणाचा तपशील, बँक खातं, फोटो आणि तुम्हाला काय उद्योग करायचाय त्याची थोडक्यात माहिती. राज्य निवडलं की तिथल्या प्रशिक्षण संस्थांची यादी येते, त्यातली एक निवडायची. संस्था मुलाखतीला बोलावते, मूळ कागद तपासते आणि तुकडी ठरवते. एका तुकडीत साधारण ३५ जण असतात.

ऐकायला सोपं आहे, पण आपल्या घरांतली प्रकरणं नेमकी इथेच अडतात. महाराष्ट्रातल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. मध्य प्रदेशात काढलेल्या आधारवर नाव आणि आडनाव, वडिलांचं नाव नाहीच. पॅनवर तिसरीच तऱ्हा. लग्न झालेल्या मुलीच्या पदवीवर माहेरचं आडनाव आणि समग्र आयडीवर (मध्य प्रदेश सरकारचा रहिवासी ओळख क्रमांक) सासरचं. प्रशिक्षण संस्था समजून घेते, बँक घेत नाही, कारण तिथे सगळं संगणकावर जुळावं लागतं. म्हणून पहिलं काम हे करा: आधार, पॅन, पासबुक आणि समग्र आयडी या चार ठिकाणी नाव अक्षर न् अक्षर सारखं करून घ्या. पदवीवरचं नाव वेगळं असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं नोटरीसमोरचं शपथपत्र करून फाइलला लावा. विवाहितांनी विवाह नोंदणीचा दाखला जोडावा. ही कामं अर्जानंतर करायला घेतली तर हातची तुकडी निघून जाते.

बाकी कागद नेहमीचेच: सर्व वर्षांच्या गुणपत्रिका, पदवी किंवा तात्पुरतं प्रमाणपत्र, जन्मतारखेसाठी दहावीची गुणपत्रिका, अनुसूचित जाती-जमातीतून वाढीव अनुदान हवं असेल तर सक्षम अधिकाऱ्याचा जातीचा दाखला.

प्रशिक्षणाचे ४५ दिवस

प्रशिक्षण निवासी आहे आणि मोफत आहे. राहणं-जेवण संस्थेकडे. कोणी फी मागितली तर ती देऊ नका. उद्योजकता, हिशेब, बाजाराची पाहणी, यशस्वी केंद्रांना भेटी आणि शेवटी स्वतःचा प्रकल्प अहवाल, असा क्रम असतो. नंतर वर्षभर संस्थेने पाठपुरावा करून बँकेपर्यंत मदत करायची असते. ही मदत हक्काने मागा.

माझा आग्रह एवढाच, की प्रशिक्षणाला जायच्या आधी ज्या शाखेतून कर्ज घ्यायचंय तिथल्या कृषी अधिकाऱ्याला भेटून या. योजनेत व्यापारी बँका, ग्रामीण बँका आणि नाबार्डच्या पुनर्वित्ताला पात्र सहकारी बँका बसतात. आपल्याकडच्या ग्रामीण बँका १ मे २०२५ पासून एकत्र होऊन मध्य प्रदेश ग्रामीण बँक झाल्या आहेत, तेव्हा जुन्या नर्मदा झाबुआ बँकेचं खातं असेल तर पासबुक आणि आयएफएससी आधी तपासून घ्या. शाखा अधिकाऱ्याला कोणता उद्योग पटतो, त्या भागात आधी किती केंद्रं आहेत, हे त्याच्या तोंडून ऐकलं की ४५ दिवसांत अहवाल त्या अंगाने लिहिता येतो.

अहवालात बँक काय बघते

योजनेत चालणारे उद्योग पुष्कळ आहेत: माती-पाणी तपासणी प्रयोगशाळा, कीड-रोग निदान, अवजारं भाड्याने देणं, बियाणं प्रक्रिया, ऊतीसंवर्धन, गांडूळखत, जैविक खतं-औषधं, मधमाशीपालन, पशु दवाखाना, प्रक्रिया आणि साठवण, निविष्ठा (बियाणं, खत, औषध) विक्री, आणि नुसती सल्ला सेवासुद्धा. खताचा विषय निघालाच आहे तर, ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ पासून इंदूरला राहून बसवलेली कंपोस्टची पद्धत जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणूनच ओळखली जाते. त्याच शहरातल्या मुलांनी खताचं चांगलं युनिट काढलं तर मला मनापासून आनंद होईल.

पण अहवालात उत्पन्नाची बाजू फक्त सल्ल्याच्या फीवर उभी करू नका. गावात सल्ला फुकट मिळतो अशी सवय आहे, आणि ती एका हंगामात मोडत नाही. शेतकरी फवारणीच्या यंत्राचं भाडं देतो, पाण्याच्या तपासणीचे पैसे देतो, चांगल्या बियाण्याला जास्त भाव देतो. सल्ला या सेवांसोबत जातो आणि गिऱ्हाईक बांधून ठेवतो.

माती तपासणीचंच बघा. सरकारची मृदा आरोग्य पत्रिका २०१५ पासून आहे आणि तिच्यात १२ घटक तपासून मिळतात. मग शेतकऱ्याने तुमच्याकडे पैसे देऊन का यावं? अहवालात याचं उत्तर हवं. नमुना शेतावर येऊन घेणार, पेरणीआधी चार दिवसांत निकाल देणार, विहिरीच्या आणि बोअरच्या पाण्याची तपासणी सोबत करणार, आणि निकालावरून एकरी किती पोती कमी-जास्त टाकायची ते लिहून देणार. असं लिहिलं की अधिकारी पुढचं पान वाचतो. सोयाबीनवरच्या सल्ल्यासाठी खंडवा रोडवरची राष्ट्रीय सोयाबीन संशोधन संस्था हाताशी आहे, खरिपात तिचे साप्ताहिक सल्ले निघतात. तुमचं निदान त्याच्याशी ताडून घेण्याची व्यवस्था आहे, हेही अहवालात नोंदवा.

तुमच्या दहा-पंधरा गावांची नावं, तिथलं पीक, अंदाजे क्षेत्र, जवळची मंडी आणि त्या टापूत आधीच कोण काम करतंय, हे एका पानावर हवंच. यंत्रांची कोटेशनं जीएसटी क्रमांक असलेल्या विक्रेत्याची घ्या. इंटरनेटवरून उतरवलेला तयार अहवाल लगेच ओळखू येतो: त्यात ऊस आणि द्राक्षं असतात आणि पत्ता असतो सोयाबीन पिकवणाऱ्या इंदूरजवळच्या हातोद तहसिलीचा.

अनुदान सगळ्यात शेवटी येतं

प्रकल्पाची मर्यादा एका व्यक्तीला २० लाख रुपये. विशेष चांगलं काम करणाऱ्याला २५ लाखांपर्यंत. पाच जणांच्या गटाला १ कोटी, आणि गटातला एक जण व्यवस्थापनाचा पदवीधर असला तरी चालतो. अनुदान सर्वसाधारण गटाला प्रकल्प खर्चाच्या ३६ टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना ४४ टक्के. ५ लाखांपर्यंतच्या कर्जाला वेगळं तारण द्यावं लागत नाही, घेतलेली यंत्रंच बँकेकडे गहाण राहतात.

समजा प्रकल्प १२ लाखांचा आहे आणि बँकेने १५ टक्के तुमचा वाटा मागितला. म्हणजे १ लाख ८० हजार तुमचे, १० लाख २० हजार बँकेचे. ३६ टक्के अनुदान होतं ४ लाख ३२ हजार. ते तुमच्या बचत खात्यात कधीच येत नाही. बँक कर्जाचा पहिला हप्ता देते, मग नाबार्डच्या भोपाळ कार्यालयाकडे मागणी पाठवते, पाहणी होते, आणि आलेली रक्कम बँकेत तुमच्या नावाच्या वेगळ्या राखीव खात्यात ठेवली जाते. तेवढ्या रकमेवर कर्जाचं व्याज लागत नाही, म्हणजे व्याज चालतं ५ लाख ८८ हजारांवर. हाच प्रकल्प मुलीच्या नावावर असेल तर अनुदान ५ लाख २८ हजार आणि व्याजाची रक्कम ४ लाख ९२ हजार. फक्त केंद्र खरोखर तिने चालवायला हवं. पाहणीला आलेला माणूस तिलाच प्रश्न विचारतो.

कमीत कमी तीन वर्षं कर्ज चालू राहावं लागतं. बाकीची परतफेड झाली की राखीव रक्कम शेवटी कर्जात वळती होते. परतफेडीची मुदत ५ ते १० वर्षं. घाईने कर्ज दोन वर्षांत फेडलंत तर अनुदानावर पाणी सोडावं लागतं, आणि हप्ते थकवले तरी तेच. म्हणून मी प्रत्येकाला सांगतो: घरचा हिशेब मांडताना अनुदान शून्य धरा. त्यावरही हप्ता निघत असेल तरच पुढे जा. ‘अनुदान हातात येईल, त्यातून गाडी घेऊ’ अशा बोलीवर वडिलांनी ठेव मोडलेली मी पाहिली आहे, आणि फार वाईट वाटतं.

जमीन आणि जागेचे कागद

महाराष्ट्रातल्या नातेवाइकांकडून यादी आणली की तिच्यात सातबारा आणि आठ-अ असतं. इथे त्या जागी खसरा, बी-१ खतौनी आणि नक्शा लागतो. मध्य प्रदेशच्या भूलेख पोर्टलवरून त्याच्या नकला निघतात. सोबत भू-अधिकार ऋण पुस्तिका द्यावी लागते. तलाठ्याऐवजी पटवारी, फेरफाराऐवजी नामांतरण. जमीन अजून आजोबांच्या नावावर असेल तर नामांतरणाचा अर्ज तहसिलीत आजच टाका, कारण वारसांच्या सह्या गोळा करण्यात सगळ्यात जास्त वेळ जातो. एक वारस पुण्यात, एक अमेरिकेत, हे आपल्याकडे नवीन नाही.

केंद्रासाठी स्वतःची जमीन असलीच पाहिजे असं नाही. भाड्याची जागा चालते, पण ११ महिन्यांचा करार बँकेला पुरत नाही. कर्जाच्या मुदतीइतका नोंदणीकृत भाडेकरार करून देणारा घरमालक आधी शोधा.

परवाने

बियाणं, खत आणि कीटकनाशक विकायचं असेल तर तिन्हींचे परवाने वेगळे: बियाण्याला १९८३ चा नियंत्रण आदेश, खताला १९८५ चा, कीटकनाशकाला १९६८ चा कायदा. अर्ज जिल्ह्याच्या उपसंचालक कृषी यांच्या कार्यालयाकडे जातो. खतासाठी कंपनीचा ‘ओ’ फॉर्म (माल कुठून येणार त्याचा दाखला), कीटकनाशकासाठी कंपनीचं प्रमुख प्रमाणपत्र (तिचा माल विकायची संमती) लागतं. कृषी पदवी असल्याने शिक्षणाची अट आपोआप पूर्ण होते. इतरांना त्यासाठी निविष्ठा विक्रेत्यांची ४८ आठवड्यांची देसी पदविका किंवा तसाच एखादा मान्य अभ्यासक्रम करावा लागतो, म्हणजे ही तुमची मोठी जमेची बाजू आहे. उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) मोफत होते, घरबसल्या करा. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तोवर जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. ड्रोनने फवारणी करायची असेल तर रिमोट पायलटचं प्रमाणपत्र वेगळं काढावं लागतं.

वेळेचं गणित खरिपापासून उलटं मांडा. मे अखेर केंद्र उघडायचं तर मार्चमध्ये यंत्रं यायला हवीत, त्यासाठी कर्ज जानेवारी-फेब्रुवारीत मंजूर व्हावं, आणि त्याआधी ४५ दिवसांचं प्रशिक्षण पूर्ण हवं. म्हणजे ऑनलाइन अर्ज सोयाबीन निघून गव्हाची तयारी चालू असते तेव्हा, दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास करायचा. नावाची दुरुस्ती आणि नामांतरण त्याच्याही आधी, गणपतीपर्यंत मार्गी लावा.