पुनःकथन (ग्रीक महाकाव्यातील)

आधी घडून गेलेला, श्रोत्यांना ठाऊक असलेला प्रसंग काव्यातल्याच एखाद्या पात्राने पुन्हा सांगणे, याला पुनःकथन म्हणतात. होमरच्या नावावर असलेल्या ‘इलियड’ आणि ‘ओडिसी’ या दोन्ही काव्यांत ते जागोजागी आढळते. ही काव्ये मौखिक परंपरेतून आली. गायक ठरावीक शब्दबंधांच्या आधाराने ओळी रचत असे, त्यामुळे निरोप जसाच्या तसा उच्चारणे त्याच्या अंगवळणी पडलेले होते. मात्र पुनःकथन ही निव्वळ गायकाची सोय समजणे होमरवर अन्यायाचे ठरेल. काय गाळले, हे कान देऊन ऐकायचे असते.

‘इलियड’च्या नवव्या सर्गात रुसून लढाईपासून दूर राहिलेल्या अकिलीज या ग्रीक वीरासाठी ग्रीकांचा सेनापती ॲगमेम्नॉन नजराण्यांची यादी देतो : सात तिवया, वीस कढया, बारा घोडे, सात नगरे, शिवाय स्वतःची एक मुलगी. त्याचा दूत म्हणून गेलेला ओडिसियस ती यादी अकिलीजपुढे जवळजवळ शब्दशः म्हणतो. फक्त शेवटच्या ओळी तो गिळून टाकतो. ‘मी मोठा राजा आहे, त्याने माझ्यापुढे नमावे’, असे ॲगमेम्नॉन त्यांत म्हणालेला असतो. त्यावर अकिलीजचे उत्तर येते : मनात एक आणि ओठांवर दुसरे असणारा माणूस मला नरकाच्या दारासारखा तिटकारा आणतो. गाळलेल्या ओळी त्याने ऐकलेल्या नसतात; श्रोत्यांनी मात्र नुकत्याच ऐकलेल्या असतात.

‘ओडिसी’त नवव्या ते बाराव्या सर्गापर्यंत, सुमारे २२०० ओळींत, ओडिसियस युद्धानंतर घरी परततानाची आपली भटकंती फीएशियन नावाच्या यजमान लोकांच्या दरबारात सांगतो. तेविसाव्या सर्गात तीच हकिकत तो आपली बायको पेनेलोपी हिला सांगतो, तेव्हा कवी ती तिशीएक ओळींत आटोपतो. सारे प्रसंग घडले त्या क्रमाने येतात. सर्सी या जादूगारिणीचे कपट येते, तिच्या शय्येचा उल्लेख नाही. आपल्याला बेटावर अडकवून ठेवणाऱ्या कॅलिप्सो या अप्सरेने अमरत्व देऊ केले आणि आपण बधलो नाही, हे मात्र आवर्जून येते. फीएशियनांची राजकन्या नॉसिका हिचे नावही निघत नाही. नवऱ्याने बायकोला काय सांगावे याची इतकी नेमकी जाण क्वचितच कुठे दिसते. ॲरिस्टॉटलने ‘ऱ्हेटोरिक’ या वक्तृत्वावरील ग्रंथात याच भागाचा दाखला दिला, इ. स. पू. दुसऱ्या शतकातील टीकाकार ॲरिस्टार्कसने मात्र या ओळी प्रक्षिप्त, म्हणजे नंतर कुणीतरी घुसवलेल्या, ठरवल्या.

पुनःकथनाला नकारही काव्यातच आहे. बाराव्या सर्गाच्या अखेरीस, कॅलिप्सोच्या बेटाशी येताच, ओडिसियस थांबतो : हे मी कालच सांगितले, आणि एकदा स्पष्ट सांगितलेले पुन्हा सांगणे मला आवडत नाही.