वांग्यावरचं भोक आणि आतली अळी

बाजारात आपण भोक पडलेलं वांगं बाजूला ठेवतो आणि चकचकीत, बिनडागी वांगी पिशवीत भरतो. घरी भरल्या वांग्यांसाठी चिरा दिल्या की नेमकी त्यातल्याच एकात अळी निघते. ठळक दिसणारं ते गोल भोक बहुतेक वेळा अळी बाहेर पडल्याचं असतं. ती आत शिरते तेव्हा इतकी बारीक असते, की तिच्या शिरण्याची खूण फळावर शोधूनही सापडत नाही.

ही अळी ल्युसिनोडिस ऑर्बोनॅलिस नावाच्या पतंगाची. शेतकरी तिला शेंडा व फळ पोखरणारी अळी म्हणतात. पंख पसरले तरी पतंग जेमतेम दोन सेंटिमीटरचा भरतो. पंख पांढरे, त्यांवर तपकिरी-गुलाबी ठिपके, आणि बसताना पोटाचं टोक वर वळवायची सवय. मादी रात्री पानांखाली, कोवळ्या शेंड्यांवर, कळ्यांवर आणि देठाजवळच्या हिरव्या पाकळ्यांवर एकेक अंडं सुटं घालते. तीन ते सहा दिवसांत अळी निघते आणि काही तासांतच जवळचा शेंडा किंवा फळ गाठून आत घुसते. घुसल्यावर मागचं छिद्र विष्ठेने बुजवते. पुढचे दोन-तीन आठवडे तिचं खाणं, वाढणं सगळं आतच. पूर्ण वाढली की भोक पाडून बाहेर येते आणि जमिनीवरच्या पालापाचोळ्यात कोष विणते.

म्हणजे उघड्यावर ती सापडते ती अंड्यातून निघाल्यावरचे काही तास आणि कोषाकडे निघाल्यावर. झाडावर पडलेलं औषध फळाच्या आत पोचत नाही. अंडी मात्र रोज कुठे ना कुठे फुटत असतात, म्हणून फवारण्या वाढत जातात. त्यात ट्रॅथाला नावाची गांधीलमाशीच्या कुळातली लहानशी माशीही मरते. ही माशी अळीच्या अंगात अंडं घालते आणि त्यातून निघालेलं पिल्लू अळीचा फडशा पाडतं. फवारा थांबवला तर ती शेतात टिकते. आपला खरा साथीदार आपणच मारावा, याचं वाईट वाटतं.

अळीचा माग लागतो तो शेंड्यांवरून. हिरव्यागार झाडावर एखादाच शेंडा मान टाकून उभा दिसला, की आत अळी आहे असं समजावं. तो दोन बोटं खालून कापून, गोळा करून नष्ट करायचा; बांधावर टाकला तर अळी तिथेच कोष करते. काम कंटाळवाणं आहे, पण माझ्या मते सगळ्या उपायांत याचीच सर्वांत कमी कदर होते. जोडीला कामगंध सापळे. मादीच्या गंधाची नक्कल असलेल्या गोळीकडे नर येतात आणि अडकतात. आणखी एक गोष्ट सहज सुटते : हंगाम संपल्यावर सरपणासाठी रचलेली वांग्याची वाळकी झाडं. त्या ढिगातल्या कोषांतून निघालेले पतंग थेट नव्या लागवडीवर येतात.

याच अळीसाठी जालन्याच्या महिको कंपनीने बीटी वांगं तयार केलं. जमिनीतल्या एका जिवाणूचं जनुक घातल्याने त्या झाडात क्राय१एसी हे प्रथिन तयार होतं आणि पोखरायला सुरुवात करतानाच ते अळीच्या पोटात जाऊन तिचं आतडं निकामी करतं. फवारा जिथे पोचत नाही, तिथे झाड स्वतः पोचतं. केंद्राच्या समितीने ऑक्टोबर 2009 मध्ये त्याला मान्यता दिली. 9 फेब्रुवारी 2010 रोजी तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी स्थगिती जाहीर केली. बांगलादेशाने 2013 मध्ये परवानगी दिली आणि 2014 पासून तिथे लागवड सुरू झाली. या प्रथिनाचा पांढरी माशी किंवा तुडतुड्यांवर परिणाम होत नाही, त्यामुळे या रस शोषणाऱ्या किडींसाठी बीटी वांग्याच्या शेतातही वेगळी उपाययोजना करावी लागते.